आईचे एकोणीस डॉलर: एका मासिक देणगीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मार्च २०२४ मधला एक शनिवार. न्यू जर्सीत, एडिसनच्या एका मराठी घरात मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो. हिशोब हा माझा धंदा. या घरचे टॅक्सचे कागद मी दरवर्षी बघतो आणि फीच्या बदल्यात साबुदाण्याची खिचडी खाऊन परततो. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर दर महिन्याच्या सात तारखेला १९ डॉलर वजा होत होते. "हे काय?" म्हणून विचारलं. घरमालकीण, हिला आपण ताई म्हणू, जरा थांबली. "ते आईचं आहे," म्हणाली.

आई डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात वारली होती. कोथरूडच्या गल्लीत ती रोज संध्याकाळी पोळ्या दुधात कुस्करून पातेलं घेऊन खाली उतरायची. चार-पाच कुत्री ठरलेली, सगळ्यांना नावं. २०१४ च्या हिवाळ्यात ताईच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ती सहा महिने एडिसनला येऊन राहिली. बाहेर बर्फ, घरात तान्हं मूल आणि दुपारभर टीव्ही. त्यावर साखळीला बांधलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या कुत्र्याची जाहिरात पुन्हा पुन्हा लागायची. खाली फोन नंबर आणि आवाहन: महिन्याला फक्त १९ डॉलर. अमेरिकेत टीव्हीवर मदत मागणाऱ्या बऱ्याच संस्था, मग त्या आजारी मुलांसाठी असोत की जखमी सैनिकांसाठी, नेमका हाच आकडा मागतात. तो विसाच्या आत राहतो आणि "दिवसाला त्रेसष्ट सेंट" असं सांगता येतं.

आईने ताईला फोन लावायला लावला. कार्ड ताईचं, दात्याचं नाव आईचं. जानेवारी २०१५ पासून आई जाईपर्यंत १०८ हप्ते गेले, जपमाळेचे मणी असतात तेवढे. एकूण २,०५२ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास.

हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या मोठ्या अमेरिकी संस्थेला पैसे जात होते तिचं नाव देत नाही, कारण तिने काही गैर केलं असं मला म्हणायचंच नाही. पुढे जिथे संस्थांची नावं येतात, तिथली माहिती जाहीर आहे.

अडचण

आईने मृत्युपत्र केलं नव्हतं. कालनिर्णयाच्या डिसेंबरच्या पानामागे मात्र पेनाने एक ओळ होती: "एफडीतले चार लाख कुत्र्यांना." एवढंच. कोणत्या कुत्र्यांना, ते नाही.

तिन्ही मुलांना ती ओळ मान्य होती. दादा पुण्यात, त्याच घरात. ताई एडिसनला, अमेरिकी नागरिक, मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डवाली. धाकटा सिॲटलला नोकरीत, पासपोर्ट अजून भारतीय. आईच्या चार लाखांत आपापले पाच हजार डॉलर घालायचं ताईने आणि धाकट्याने ठरवलं. वाद लागला तो पैसे कुठे द्यायचे यावर. ताईचं म्हणणं, आईने नऊ वर्षं जिथे दिले तिथेच द्यावे. दादाचं म्हणणं, आईची कुत्री गल्लीत बसली आहेत, डॉलर कसले करता. धाकट्याने दोघांना एकच प्रश्न विचारला: त्या संस्थेने आईच्या पैशांचं नेमकं काय केलं?

हा प्रश्न माझ्या टेबलावर आला तेव्हा ताईला एका गोष्टीची खात्री होती. देवळात जाताना वाटेत काउंटीतलं प्राण्यांचं शेल्टर लागतं. त्याच्या बोर्डावरचं नाव टीव्हीवरच्या संस्थेच्या नावाशी मिळतंजुळतं आहे. आई इथे असताना गाडी तिथून गेली की म्हणायची, "माझे पैसे इथे येतात." नऊ वर्षं तिला कुणी दुरुस्त केलं नाही, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते खरं नव्हतं, आणि हा गैरसमज फार जुना आहे. एएसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठीची संस्था हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढली. गावोगावच्या एसपीसीए या तिच्या शाखा नव्हेत. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलवाल्या बॉम्बे एसपीसीएचंही (स्थापना १८७४) नावच तेवढं सारखं. तसंच ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्सचं. १९५४ मध्ये सुरू झालेली ही राष्ट्रीय संस्था गावातल्या ह्यूमेन सोसायट्यांची मालक कधीच नव्हती. २०२५ मध्ये तिने नाव बदलून ह्यूमेन वर्ल्ड फॉर ॲनिमल्स केलं. गावातल्या शेल्टरची पावतीपुस्तकं, ठेवी आणि विश्वस्त मंडळ वेगळं असतं, आणि पैशांची चणचणही त्याची त्याला.

कागद उघडल्यावर

अमेरिकेत धर्मादाय संस्थांना दरवर्षी करखात्याकडे फॉर्म ९९०, म्हणजे जमाखर्चाचा तपशील, भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकलं की गेल्या कित्येक वर्षांचे फॉर्म फुकट उघडतात. आम्ही तीन वर्षांचे उतरवून घेतले. धाकटा व्हिडिओ कॉलवर होता.

लोक बहुतेक वेळा नवव्या भागापाशीच थांबतात. तिथे खर्चाचे तीन रकाने असतात: कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधी संकलन. पहिल्याला एकूण खर्चाने भागलं की एक टक्का मिळतो, तो चांगला दिसला की मन निवांत होतं. धर्मादाय संस्थांची पारख करणाऱ्या बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्सच्या निकषात कार्यक्रमांवर किमान ६५ टक्के खर्च हवा. आमच्या संस्थेचा टक्का त्याच्या वर होता. ताईने लॅपटॉप मिटायला घेतला.

मी म्हटलं थांब, स्वयंपाकघरातला तो खण उघड.

त्या खणात आईच्या नावाने नऊ वर्षं आलेली पाकिटं होती. ताईने टाकली नव्हती. एक फोडलं. आत एका कुत्रीचा फोटो आणि तिची गोष्ट सांगणारं चार पानी पत्र. आईचं नाव आणि एडिसनचा पत्ता छापलेल्या चिकटपट्ट्यांची दोन पानं, आडनावातलं एक अक्षर चुकलेलं. छोटं कॅलेंडर. उन्हाळ्यात कुत्र्याला बंद गाडीत सोडू नका, असं सांगणारं रंगीत कार्ड. आणि परतीचं पाकीट, त्यावर २५, ५०, १०० डॉलरच्या चौकटी.

आता हे पाकीट कोणत्या रकान्यात जातं? वाचणारा म्हणेल, निधी संकलनात. नियम म्हणतात, सगळं तिथे जायलाच हवं असं नाही. हेतू, वाचकवर्ग आणि मजकूर अशा तीन कसोट्या पूर्ण झाल्या, म्हणजे पत्रात लोकांना काही ठोस करायला सांगितलं असेल, तर अमेरिकी लेखा मानकांप्रमाणे पाकिटाचा खर्च वाटून काही भाग "जनजागृती" म्हणून कार्यक्रमात दाखवता येतो. याला संयुक्त खर्च म्हणतात. ते बंद गाडीचं कार्ड नुसतं उपदेशासाठी घातलेलं नसतं. फॉर्म ९९० च्या नवव्या भागात २६ वी ओळ याचसाठी आहे. ज्यांनी असा खर्च वाटला त्यांनी तिथे किती आणि कुठे ते दाखवायचं. आमच्या संस्थेने ती ओळ भरली होती, आणि रक्कम किरकोळ नव्हती.

हे बेकायदा अजिबात नाही. आकडा जाहीर आहे, शोधणाऱ्याला सापडतो. पण आईच्या मनातल्या "कुत्र्यांवर खर्च" या शब्दांत ही चिकटपट्टी बसत नव्हती.

दुसरी जागा म्हणजे त्याच फॉर्मला जोडलेलं शेड्यूल आय. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त अनुदान ज्या देशी संस्थांना दिलं त्यांची तिथे नावानिशी यादी असते. मोठ्या संस्थांची ही यादी पानंच्या पानं चालते. ताईने देवळाच्या वाटेवरच्या शेल्टरचं नाव तिन्ही वर्षांत शोधलं. नव्हतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आईला फसवलं?"

मला हा शब्द पटला नाही, अजूनही पटत नाही. एक जाहीर उदाहरण घ्या. २०२१ मध्ये सीबीएस न्यूजने एएसपीसीएची कर-कागदपत्रं तपासली. २००८ पासून दोन अब्ज डॉलरहून जास्त जमले, त्यातले स्थानिक संस्थांना अनुदान म्हणून सुमारे १४.६ कोटी, म्हणजे सातेक टक्के, आणि निधी संकलनावर किमान ४२.१ कोटी, असं त्या बातमीत होतं. आकडे डोळे विस्फारायला लावणारे आहेत. पण नुसता सात टक्क्यांचा आकडा घेऊन ओरडणंही चूक. ती संस्था पैसे वाटण्यापुरती नाही. न्यूयॉर्कमध्ये तिचं स्वतःचं पशुरुग्णालय आहे, विषबाधा झालेल्या जनावरांसाठी चोवीस तास सल्ला केंद्र आहे, क्रौर्याच्या प्रकरणांतून सोडवलेल्या भेदरलेल्या कुत्र्यांना माणसाळवायचं केंद्र नॉर्थ कॅरोलिनात आहे. हा सगळा खर्च अनुदानात दिसणारच नाही. गावातल्या शेल्टरला पैसे मिळत नाहीत ही तक्रार वेगळी, आणि पैसे वाया जातात ही वेगळी. ताई दोन्ही एकाच दमात बोलत होती.

धाकट्याने आणखी एक उकरून काढलं. रिंगलिंग सर्कशीच्या हत्तींवरून २००० साली सुरू झालेला खटला प्राणिसंस्था हरल्या, कारण त्यांच्या मुख्य साक्षीदाराला त्यांच्याकडूनच पैसे मिळत होते असं न्यायालयात निघालं. पुढे तडजोडीत एएसपीसीएने २०१२ मध्ये सर्कशीच्या मालक कंपनीला ९३ लाख डॉलर दिले, आणि २०१४ मध्ये ह्यूमेन सोसायटीसह इतरांच्या बाजूने १ कोटी ५७ लाख ५० हजार दिले गेले. ताई भडकली. धाकटा म्हणाला, "पण हत्ती २०१६ मध्ये खेळातून गेले ना?" त्यात खटल्याचा वाटा किती, हे कोणत्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे तेच वाढवायचं: दहा हजार डॉलर मोठ्या संस्थेला. धाकट्याचा याला सगळाच विरोध नव्हता. त्याचा युक्तिवाद मला त्या दिवसातला सर्वात भक्कम वाटला. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये जनमताने मंजूर झालेला 'प्रस्ताव १२' नावाचा कायदा कोंबड्या, डुकरिणी आणि वासरांना किमान जागा देतो. त्याविरुद्धचा डुकरं पाळणाऱ्यांच्या संघटनेचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये फेटाळला. असे लढे गावातलं शेल्टर लढू शकत नाही. त्यासाठी वकील लागतात, संशोधक लागतात आणि अनेक वर्षं तग धरणारी तिजोरी लागते. एका डॉलरमागे किती जनावरांचं भलं झालं असं मोजायचं, तर कदाचित इथेच सर्वात जास्त होईल. पण आईने "कुत्र्यांना" लिहिलं होतं. डुकरिणींना नाही.

दुसरा पर्याय, वाटेवरचं शेल्टर. ताई तिथे जाऊन आली. न्यू जर्सीत आता दक्षिणेकडच्या राज्यांतून गाड्या भरून कुत्री आणली जातात. तिकडे डास जास्त, त्यामुळे त्यांच्यात हार्टवर्म बरेच. हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढणारा हा जंत काढायला ठरावीक अंतराने इंजेक्शनं द्यावी लागतात, आणि तेवढे महिने कुत्र्याला पळूही द्यायचं नसतं. उपचार महाग, जागा अडलेली, त्यामुळे अशी कुत्री मागे राहतात. शेल्टरच्या बाईंनी ताईला पिंजऱ्यांची रांग दाखवली. ज्यांच्या दारावर लाल कार्ड, ती हार्टवर्मची. अकरा दारं होती, चारांवर लाल.

तिसरा पर्याय दादाचा. पुण्याच्या हद्दीवर एक छोटा ट्रस्ट भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करतो. प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. आईच्या गल्लीतल्या दोन कुत्र्यांच्या कानाचं टोक याच ट्रस्टने कापलं होतं.

ट्रस्टचा हिशोबही मागितला. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जातो तो, परिशिष्ट ९ मधला जमाखर्च. अमेरिकी फॉर्मला नावं ठेवून आलेल्या माणसाने हा कागद जरूर बघावा. उद्दिष्टांवरच्या खर्चात पाच ओळी: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत आणि "इतर धर्मादाय उद्दिष्टे". सार्वजनिक ट्रस्टसाठीच्या १९५० च्या कायद्याखालचा नमुना, त्यात जनावरांना स्वतःची ओळ नाही. ट्रस्टने वर्षभर जे केलं ते सगळं त्या शेवटच्या एका ओळीत एका आकड्यात होतं. खोटं काही नाही, फक्त कळत काही नाही.

चौथा पर्याय, सगळीकडे थोडं थोडं. कुटुंबात वाद मिटवायचा हा आवडता मार्ग. मी त्याच्या विरोधात होतो. शंभर-शंभर डॉलर दहा ठिकाणी दिले की दहा ठिकाणांहून चिकटपट्ट्या येतात, आणि प्रश्न विचारायचा हक्क मात्र एकाही ठिकाणी मिळत नाही.

निर्णयाचे दोन क्षण

पहिला क्षण मी ऐनवेळी पकडला. ताई शेवटी दादाच्या बाजूला झुकली आणि एका रात्री तिने ट्रस्टच्या खात्याचा तपशील मागवून पाच हजार डॉलर पाठवायची तयारी केली. मला सहज मेसेज केला, "पाठवतेय." मी उलट फोन केला.

ट्रस्टकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी नव्हती. ताई मनाने कोथरूडची असली तरी कायद्याला ती अमेरिकी नागरिक. ओसीआय कार्ड इथे उपयोगी पडत नाही, तिचा डॉलर हा परदेशी स्रोत. नोंदणीकृत संस्थेलासुद्धा तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच घ्यावा लागतो, हा २०२० च्या दुरुस्तीचा नियम. नोंदणी नसलेल्या ट्रस्टच्या नेहमीच्या खात्यात ते पाच हजार पडले असते तर अडचणीत ट्रस्ट आला असता, ताई नव्हे. दान देणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, आणि छोट्या ट्रस्टला बऱ्याचदा स्वतःलाच माहीत नसतं.

"मग मी दादाला पाठवते, तो देईल," ताई म्हणाली. भावाला पैसे पाठवायला हरकत नाही. पण ट्रस्टपर्यंत पोचवायचे म्हणून भावाच्या खात्यातून फिरवायचे हा आडमार्ग झाला, आणि त्यावर माझं नाव नको असं मी स्पष्ट सांगितलं. ती दोन दिवस नाराज होती.

धाकट्याची गोष्ट वेगळी. त्याचा पासपोर्ट भारतीय. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेले पैसे परदेशी देणगी मानले जात नाहीत. त्याने भारतातल्या खात्यातून द्यायचे आणि ट्रस्टने पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवायची. एकाच आईची दोन मुलं, एकाच देशात राहणारी, आणि एकाचेच पैसे कोथरूडला पोचू शकत होते.

दुसरा क्षण पुण्यात घडला. तो मला दादाने फोनवर सांगितला. तो ट्रस्टच्या जागेवर गेला होता. पत्र्याची शेड, शस्त्रक्रिया झालेली कुत्री ओळीने गोणपाटावर, अर्धवट गुंगीत, कानाच्या टोकाला जांभळं औषध. दादाने संस्था चालवणाऱ्या बाईंना सांगितलं, चार लाख आहेत, औषधांसाठी आणि खाण्यासाठी देतो.

बाई म्हणाल्या, "औषधं लोक आणून देतात हो. बिस्किटांनी कपाट भरलंय. मला गाडीवरचा माणूस टिकवायचाय."

गाडीवरचा माणूस म्हणजे चालक, आणि त्याच्याबरोबर कुत्री पकडणारा. दोघांचे पगार आणि डिझेल यांच्यासाठी कुणी देणगी देत नव्हतं. गाडी आठवड्यातून दोनच दिवस निघत होती. डॉक्टर बसून, टेबल रिकामं.

दादा चिडला. "आईचे पैसे पगारात घालू?" त्याने तेच वाक्य मला ऐकवलं. मी त्याला एडिसनच्या खणातलं पाकीट आठवून दिलं. तिकडे पत्त्याच्या चिकटपट्टीचा काही भाग "कार्यक्रम" ठरत होता. इकडे कुत्रं पकडून आणणाऱ्या माणसाचा पगार आपण "वरखर्च" म्हणत होतो. नसबंदीची सुरुवात जाळ्यापासून होते, सुरीपासून नाही. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन परीक्षक संस्थांनीच एकत्र पत्र काढून दात्यांना सांगितलं होतं की वरखर्चाच्या टक्क्यावर संस्थेची परीक्षा करू नका. दादाला ते पत्र मी वाचून दाखवलं नाही. तो म्हणाला, "उद्या पुन्हा जाऊन येतो."

प्रत्यक्षात काय केलं

मोठ्या संस्थेची मासिक देणगी एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. फोनवरच्या मुलीने नम्रपणे कारण विचारलं. ताईने "आई वारली" एवढंच सांगितलं.

शेल्टरला ताईने पाच हजार डॉलर दिले, सोबत पत्र: फक्त हार्टवर्मच्या उपचारांसाठी. असं लेखी बंधन घातलं की संस्थेच्या ताळेबंदात ती रक्कम वेगळी ठेवावी लागते, दिवाबत्तीला वळवता येत नाही. धाकट्याने अडीच हजार तिथेच दिले आणि त्याच्या कंपनीने तेवढेच वर घातले. त्याच्या कंपनीची ही जोड अमेरिकेत नोंदलेल्या संस्थांनाच मिळते, पुण्याच्या ट्रस्टला मिळाली नसती. असे दहा हजार झाले.

पुण्याला आईचे चार लाख आणि धाकट्याचे उरलेले अडीच हजार डॉलर, म्हणजे आणखी दोनेक लाख रुपये. दादाने दोन हप्ते ठरवले. पहिला लगेच, दुसरा सहा महिन्यांनी. अट साधी: दर महिन्याला एका कागदावर गाडी किती दिवस निघाली, किती कुत्री आणली, किती सोडली. रुपयांचा हिशोब नंतर. बाईंनी विचारलं, "बिलं नकोत?" दादा म्हणाला, "गाडीचे दिवस सांगा."

करसवलतीचं दोन ओळींत. ताई आणि दादा दोघांनाही शून्य. ताईने त्या वर्षी ठरावीक वजावट घेतली, तिच्याबरोबर देणगी वेगळी दाखवता येत नव्हती. दादा नव्या करप्रणालीत होता, तिथे देणगीवरची ८०जीची सवलत लागू नव्हती. दादाला हे ट्रस्टची पावती हातात आल्यावर कळलं.

वर्षभरानंतर

शेल्टरने डिसेंबरमध्ये पत्र पाठवलं. सहा कुत्र्यांचे उपचार झाले होते, पाच घरी गेली, एक उपचार चालू असताना मेलं. मेलेल्याचंही नाव आणि वय लिहिलं होतं. ताईला ते आवडलं.

पुण्याचं इतकं सरळ गेलं नाही. पहिले तीन महिने गाडी आठवड्यातून चार-पाच दिवस निघाली, कागद वेळेवर आले. मग चालकाला दुसरीकडे जास्त पगार मिळाला आणि तो गेला. पाऊस, त्यात नवा माणूस मिळेना. दोन महिने कागदच आले नाहीत. दादाने दुसरा हप्ता थांबवला. बाईंना वाईट वाटलं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं: "पैसे नाहीत म्हणून माणूस मिळत नाही, माणूस नाही म्हणून तुम्ही पैसे देत नाही." हे खरं होतं. दादाने धाकट्याशी बोलून निम्मा हप्ता सोडला, आणि चालकाचा पगार जाहिरातीत आधीपेक्षा वाढवून लिहा असं सुचवलं. नोव्हेंबरात नवा चालक मिळाला. उरलेले पैसे जानेवारीत गेले.

मोठ्या संस्थेची पाकिटं मात्र आईच्या नावाने येतच राहिली. नावं काढली जाईपर्यंत पुढच्या काही पाकिटांची छपाई होऊन गेलेली असते, असं ताईला सांगण्यात आलं. त्यात तशाच नावाच्या दोन नव्या संस्थांचीही पाकिटं आली. आडनावातलं तेच अक्षर चुकलेलं, म्हणजे यादी कुठून कुठे गेली ते उघड.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरा हप्ता थांबवणं ही चूक होती असं मला आता वाटतं. अट कामाशी बांधली हे बरोबर, पण काम बंद पडलं की पैसेही बंद ही तजवीज छोट्या संस्थेला झेपत नाही. मोठीकडे ठेवी असतात, एक चालक गेला म्हणून तिचं काही अडत नाही. तिची तिजोरी बघून आपण नाकं मुरडतो आणि छोटीकडे तिजोरी नाही म्हणून तिचाच हप्ता अडवतो. अट घालताना "माणूस गेला तर दोन महिने पैसे चालू राहतील" ही ओळ तेव्हाच लिहायला हवी होती. ती सुचवायचं काम माझं होतं.

मासिक देणगी बंद करताना ताईने कारण सांगायला हवं होतं. "आई वारली" हे संस्थेच्या दृष्टीने नैसर्गिक गळती. "तुमच्या २६ व्या ओळीतला आकडा मला पटला नाही" हे कुणीतरी नोंदवून घेतलं असतं, निदान नोंदवायची शक्यता होती. शिवाय नाव इतरांना देऊ नका, हे पहिल्याच फोनवर, २०१५ मध्ये सांगता येतं. विचारलं तरच.

धाकट्याचा मुद्दा मात्र आम्ही अर्धवट सोडला. मोठ्या संस्थांनी कायद्यासाठी केलेलं काम शेल्टरच्या लाल कार्डांशी कसं तोलायचं, याचं उत्तर टेबलावर निघालं नाही. तो आता स्वतःच्या खिशातून दरवर्षी थोडे पैसे अशाच एका मोहिमेला देतो. ताईला सांगत नाही. तिला माहीत आहे.

आणि आईला विचारायचं राहून गेलं. ती असताना फॉर्म ९९० फुकटच बघायला मिळत होता, ताईला वाचता येत होतं, मी दर मार्चला त्याच टेबलावर बसत होतो. कुणीतरी तिला सांगितलं असतं की वाटेवरच्या शेल्टरला तुझे पैसे जात नाहीत, तर तिने गाडी थांबवायला लावून आत जाऊन पाहिलं असतं. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ताईच्या गोडा मसाल्याच्या बरणीवर चिकटपट्टी दिसली. आईचं नाव, एडिसनचा पत्ता, आडनाव चुकलेलं. खणात अजून दोन-अडीचशे असतील.